विकायच्या आधी उघडलेली खिडकी

द्राक्षं बाजारात आली की मला प्रायमरचा वास येतो. म्हणजे वास खरंच कुठे नसतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेला कुलूप लावून मी संगमनेरच्या बसस्थानकावरून घरी चालत येत असते. कडेला हातगाड्यांवर हिरव्या घडांचे ढीग लागलेले असतात, गाडीवाला मधूनच त्यांच्यावर पाण्याचा हबका मारतो, आणि त्या ओल्या आंबटगोड वासामागून एकदम भिंतीचा वास येतो. खरवडलेल्या, घासलेल्या, पहिला हात मारलेल्या भिंतीचा. मग मी थोडी द्राक्षं घेते. घरी आम्ही दोघंच, आणि आम्हा दोघांनाही ती फारशी आवडत नाहीत. तरी घेते. पिशवी हातात लोंबकळत असते तेवढा वेळ मी नाशिकला असते, आईबरोबर, त्या हंगामात.

माघ सरत आला होता. नाशिकची थंडी जाता जाता रेंगाळत होती. सकाळी शाल लागायची आणि दुपारी पंखा. अंबडच्या बाजूचं आमचं घर विकायला काढलं होतं. ते नीट विकलं जावं म्हणून आधी त्याची डागडुजी करायची होती, आणि त्यासाठी मी साठवलेली सगळी रजा टाकून आईकडे राहायला गेले होते. लग्नानंतर इतकी सलग मी माहेरी कधी राहिलेच नव्हते. बाळंतपणालाही नाही, तेव्हा आईच संगमनेरला आली होती.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्यातल्या काही जणांनी शेजारी शेजारी प्लॉट घेतले आणि ज्याला जसं जमेल तसं बांधलं. आमचं घर एकदम असं कधी झालंच नाही. आधी एक खोली आणि स्वयंपाकघर. मी दहावीत असताना पुढची खोली. माझा धाकटा भाऊ सुहास इंजिनिअरिंगला गेला तेव्हा वरची. जिना घराबाहेरून, कारण आधी तो कुणाला सुचलाच नव्हता. घर वाढत गेलं तसे आम्हीही वाढलो, आणि मग एकेक करून निघून गेलो.

अण्णा गेले त्याच पावसाळ्यात गच्चीतून पाणी झिरपून खालच्या खोलीपर्यंत आलं. आईनं परातीतून बादल्यांत आणि बादल्यांतून मोरीत पाणी ओतत ते चार महिने काढले. दिवाळीला आम्ही दोघं भावंडं आलो, फराळ झाला, आणि तिनं डबे बंद करता करता सांगून टाकलं, "घर विकायचं. मला एकटीला हे झेपत नाही. इथंच जवळपास लिफ्टचं छोटं घर घेईन."

"छोटं घर कशाला?" सुहास म्हणाला. तो पुण्याला असतो. "पुण्यात तुझी खोली तयार आहे. हिनं पडदेसुद्धा लावलेत. ह्या वयात एकटीनं राहायचं कारण काय?"

"कारण नाही सांगता यायचं मला. पण मला नाशकातच राहायचंय."

सुहास मनापासून बोलत होता. पडदे खरंच लावले होते, मी पाहिले होते. आईला ताप आला तर रात्रीतून कोण धावणार, ही त्याची काळजीही खरी होती. शेवटी त्यानं तोडगा काढला. घराचे जे येतील त्यात आईला मनासारखं घर मिळालं, तर तिनं खुशाल नाशकात राहावं. नाही मिळालं, तर मुकाट्यानं पुण्याला यायचं.

"कबूल?"

"कबूल," आई म्हणाली, आणि चकल्यांच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.

त्यानंतर घर बघायला माणसं येऊ लागली. पहिल्या गृहस्थांनी गेटातूनच मान वर केली आणि म्हणाले, "प्लॉट चांगला आहे." घराबद्दल एक शब्द नाही. दुसरे आत आले. त्यांनी भिंतीला बोट लावलं, बशीएवढा पोपडा खाली पडला, तसे ते बायकोला म्हणाले, "हे सगळं पाडूनच टाकावं लागेल." आई त्यांच्यामागे चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं चहा दिला, निरोप दिला, कप विसळले. मला फोनवर हे सांगताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. पण पुढच्याच वाक्यात ती म्हणाली, "सुहासला विचारून ठेव, पुण्याच्या त्या खोलीला ऊन येतं का."

मी रजेचा अर्ज दिला तो त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

रोहिणी नावाची एजंट मला कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं सुचवली होती. पस्तिशीची, हसरी, स्कूटरवरून आली. हेल्मेट काखेत धरूनच तिनं सगळं घर पाहिलं. नळ सोडून बघितले, दारं उघडझाप केली, बाथरूममध्ये जाऊन नाक मुरडलं नाही, पण श्वास रोखला हे मला कळलं. मग ओसरीवर बसून ती आईला म्हणाली, "मावशी, घर जुनं असलं तर चालतं. आजारी दिसता कामा नये."

तिनं काय करायचं ते सांगितलं, आणि काय करायचं नाही तेही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी, रंग मग. ओलीवर रंग फासला तर तो महिनाभरही टिकत नाही आणि घेणारा शहाणा असतो. बाथरूम नवं करायचं. लोंबणाऱ्या वायरी पट्टीत घालायच्या. गेट घासून काळं करायचं. माळे रिकामे करायचे, म्हणजे खोल्या मोठ्या दिसतात. छताला नक्षी, स्वयंपाकघरात चकचकीत कपाटं असलं काही करायचं नाही. ते ज्याचं त्याला आपल्या आवडीचं हवं असतं. एवढं बोलून ती थांबली.

"आणि स्वयंपाकघर?" मी विचारलं.

"तिथंच अडतंय ताई. भर दुपारी ट्यूब लावावी लागते. बायका घर बघायला आल्या की आधी तिथंच जातात. मी कितीही रंगवा म्हटलं तरी अंधार अंधारच. तिथं खिडकी का नाही ठेवली?"

मी आईकडे बघितलं. आई अंगणातल्या तगरीकडे बघत होती.

"होती," ती म्हणाली.

ते मी पुढे सांगतेच. कारण खिडकीला हात घालायच्या आधी बाकीचं घर उलगडलं, आणि ते दिवस वगळून मला पुढे जाववत नाही.

रघू मिस्त्री आणि त्यांची बायको दिंडोरीकडून मोटारसायकलवर यायचे. आधी गच्ची झाली, मग बाथरूम. फरशी फोडल्यावर जो पांढरा धुरळा उडाला तो आमच्या केसांत, अंथरुणात, पोह्यांत, सगळीकडे होता. आम्ही गॅस ओसरीवर आणून ठेवला होता. आई खुर्चीत बसून भाजी परतायची आणि मी खाली बसून पोळ्या लाटायचे. दुपारी मिस्त्रीण येताना आणलेली द्राक्षं पाटीत ओतायची. घडातून गळून पडलेले सुटे मणी, बागेतून अगदी स्वस्तात मिळणारे. आम्ही चौघं जुन्या वर्तमानपत्रावर बसून जेवायचो आणि जेवणावर ते मणी खायचो. पलीकडच्या घरात परीक्षेचा अभ्यास मोठमोठ्यानं चाललेला असायचा. ताज्या सिमेंटवर पाणी मारलं की पहिल्यांदा जो वास येतो तो मातीचा नसतो आणि दगडाचाही नसतो. आई तो वास घ्यायला मुद्दाम दारात येऊन उभी राहायची. "घर बांधत होतो ना, तेव्हा रोज संध्याकाळी मीच पाणी मारायचे," ती सांगायची. "तू पोटात होतीस. अण्णा ओरडायचे, बादली उचलू नको म्हणून. मग मी तांब्यानं मारायचे."

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या जन्माआधी मी त्या भिंतींवर पाणी मारायला जात होते, हे पन्नाशी उलटल्यावर मला कळलं. माळे काढताना असं कितीतरी कळलं. एका गोणपाटात सुहासची लहानपणची तीनचाकी निघाली, पुढचं चाक नसलेली. अण्णांनी घरी वेल्डिंग करून केलेलं लोखंडी मोदकपात्र निघालं, जे इतकं जड होतं की आईनं ते एकदाच वापरलं होतं. "त्यात मोदकांपेक्षा आपणच उकडून निघायचो," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी धुळीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. आई इतकी हसते हेही मी विसरले होते. माहेरी मी यायचे ती दोन दिवसांसाठी, मुलांना घेऊन, परतीची बस डोक्यात ठेवून. आईला बसून बघायला मला कधी वेळच झाला नव्हता. तो वेळ मला त्या डागडुजीनं दिला.

एक गोष्ट मात्र मला टोचत होती. नव्या बाथरूममध्ये आईसाठी म्हणून धरायला दांडी बसवावी असं कुणाच्या कधी मनात आलं नव्हतं. आता ती बसवली, कारण रोहिणी म्हणाली, घेणाऱ्यांच्या घरात म्हातारं माणूस असलं तर बरं दिसतं. बेसिन उंच घेतलं. उंबरा तासला. ओलं अंग घेऊन आई त्या उंबऱ्याला कितीदा अडखळली होती. मी न राहवून बोलले, "आई, हे सगळं आपण आधी का नाही केलं? राहत होतो तोवर गळकं, आणि आता येणाऱ्या परक्यांसाठी सगळं नीटनेटकं."

आई नव्या नळाखाली हात धरून उभी होती. पाणी जोरात येत होतं. "मग काय झालं?" ती म्हणाली. "मी आहेच की अजून. जाईपर्यंत मी वापरते. आणि नंतर त्या बाईच्या पायाला उंबरा नाही लागला, तर वाईट काय त्यात?"

आता खिडकीचं.

स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या भिंतीत, ओट्याच्या वर, खिडकी होती. तिच्यासमोर चिंचोळी बोळ आणि बोळीपलीकडे बोरसेकाकूंचं स्वयंपाकघर. काकूंचे यजमान आणि अण्णा एकाच शेडमध्ये कामाला, एकाच पाळीला, एकाच सायकलवर डबलसीट. काकू सटाण्याकडच्या, त्यांची बोली वेगळी, आईला आधी कळायची नाही. पण खिडकीतून कढीपत्ता, विरजण, उसनी साखर असं देता घेता दोघी एकमेकींचं बोलणं शिकल्या. मी चौथीपाचवीत असेन तेव्हा कारखान्यात संप झाला. खूप लांबला. आणि एके सकाळी बोरसेकाका संप मोडून, दगडांच्या भीतीनं जाळी लावलेल्या कंपनीच्या बसमध्ये बसून कामावर गेले.

अण्णा त्यांना काहीही बोलले नाहीत. त्या रविवारी त्यांनी अंगणातल्या उरलेल्या विटा आत आणल्या, घमेल्यात सिमेंट कालवलं आणि खिडकी बुजवायला घेतली. आई ओट्यापाशी भाकरी थापत होती. ती एका अंगाला सरकली. विटांचे थर चढत गेले आणि तिच्या परातीवरचं ऊन वर वर सरकत नाहीसं झालं. मी दारात उभी होते. आई काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघितली. तिनं दिवा लावला आणि राहिलेल्या भाकरी केल्या. पुढे काकांनीही त्यांच्या बाजूनं आमच्या भिंतीला टेकवून पत्र्याची शेड उभी केली. संप मिटला, अण्णा परत कामावर गेले, निवृत्त होईपर्यंत दोघं एकाच शेडमध्ये होते, आणि बोलले नाहीत ते नाहीतच.

आईनं त्यानंतरचा सगळा स्वयंपाक ट्यूबच्या उजेडात केला. वीज गेली की भर दुपारी मेणबत्ती. फोडणी झाली की नाही हे ती कानानं ओळखायची. भिंतीपलीकडे काकूंचा पाटा वाजला की म्हणायची, "आज त्यांच्याकडे शेंगदाण्याची चटणी." काकूंच्या कुकरच्या शिट्टीवर आमचा वरणभात उतरायचा. पण रस्त्यात समोर आल्या तर दोघीही मान खाली घालायच्या. बोरसेकाका गेले तेव्हा आई भिंतीला हात लावून उभी राहिली, गेली नाही. अण्णा गेले तेव्हा काकू गेटापर्यंत आल्या आणि परतल्या. भांडणारे दोघेही निघून गेले होते. ह्या दोघी त्यांचं भांडण सांभाळत बसल्या होत्या.

मिस्त्रींनी भिंत ठोकून बघितली आणि सांगितलं, खिडकीवरचा लिंटेल, वरच्या विटांचा भार पेलणारा आडवा पट्टा, शाबूत आहे, विटा काढल्या की झालं. मात्र पलीकडची शेड हलवल्याशिवाय काही उपयोग नाही.

"मी जाऊन विचारते," मी म्हटलं.

"तू नको," आई म्हणाली. "मीच जाते. तू नुसती बरोबर ये."

तिनं धुतलेलं पातळ नेसलं. चार पावलांवरचं घर, पण ती चपला घालून, पर्स घेऊन निघाली, जणू गावाला निघाली आहे. गेटाशी क्षणभर थांबली. मला वाटलं, मागे फिरते. तेवढ्यात काकू ओटीवर आल्या. बारीक झालेल्या, पाठीत वाकलेल्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"ये वं कुसुम," त्या म्हणाल्या. "कशी शेस?"

बस, एवढंच. आईला नावानं हाक मारणारं माणूस आता घरात कुणी उरलं नव्हतं. ती पायरी चढली आणि तिथंच, दारात, काकूंचा दंड धरून उभी राहिली. दोघींपैकी कुणी रडलं नाही. मीच रडले.

आत गेल्यावर चहा झाला. आईनं खिडकीचं सांगितलं. घर विकणार हेही सांगितलं. काकूंनी शेडचा प्रश्न दोन शब्दांत मिटवला. "काढू की. त्यात काय, जुन्या गोधड्या हायेत नुसत्या." मग थोडा वेळ त्या कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"लोकं मला इचारायचे," त्या म्हणाल्या, "बाई, तुझ्या नवऱ्यानं असं का केलं? घरात आजारपण होतं का, कुणाचा दबाव होता का? मी म्हणायचे, हो, होता. पण तसं काही नव्हतं कुसुम. ते भ्यायले होते. नोकरी जाईल म्हणून लय भ्यायले होते, बाकी काही नाय. जन्मभर तोंड लपवत राहिले."

आईनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "आमचेही भ्यायलेलेच होते गं. झोप नव्हती त्यांना. तुमचे कामावर गेले, आणि आमचे भिंत बांधत बसले."

काकूंनी मान हलवली. दोन म्हाताऱ्या बायका आपापल्या गेलेल्या नवऱ्यांविषयी इतकं खरं आणि इतक्या मायेनं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यात तक्रार नव्हती. उलट त्या दोघांना उशिरा का होईना, त्यांनी शेजारी शेजारी बसवलं होतं.

शेड निघाली. मिस्त्रींनी छिन्नी लावली, आणि वरच्या ओळीतली पहिली वीट आमच्या बाजूला खेचून काढली. विटेएवढ्या भोकातून उन्हाचा पट्टा आत आला आणि त्यात धूळ नाचायला लागली. आई स्टूलवर चढायला निघाली. मी तिला धरलं. तिनं भोकाला डोळा लावला. पलीकडून काकूंनीही लावला असावा, कारण पलीकडून आवाज आला, "म्हातारी झालीस वं तू!"

"तू काय तरणी राहिलीस?" आई ओरडली.

मिस्त्री छिन्नी खाली ठेवून हसत बसले.

सगळ्या विटा निघाल्यावर स्वयंपाकघर उजळलं, आणि आईनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर कपाळाला हात लावला. "अगं बाई! किती काळं झालंय हे सगळं!" फडताळाच्या मागे, ओट्याखाली, डब्यांच्या तळाशी वर्षानुवर्षांचं मेणचट काजळ होतं. ते आम्ही दोन दिवस घासत होतो. रंग झाला, कडप्प्याचा ओटा घासून तुळतुळीत झाला, खिडकीला सरकती काच आणि जाळी बसली. त्यानंतर आईनं गॅस आत नेला. पहिल्या सकाळी ती फोडणी करत होती आणि मी मागे उभी होते. तेलात मोहरी तडतडली, तिनं हळद टाकली, आणि ती मान वाकवून कढईत बघतच राहिली. "रंग बघ गं," ती म्हणाली. "किती पिवळी असते हळद."

होळीच्या सुट्टीत सुहास आला. नवं गेट, नवं बाथरूम, पांढऱ्या भिंती बघत तो घरभर फिरला, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. जेवताना तो घास हातात धरून थांबला. "ताई, तू हे घर विकायला नीट करतेयस, की आईनं माझ्याकडे येऊ नये म्हणून?"

मी काही बोलणार तोच आई म्हणाली, "तिला नको बोलूस. माझा हट्ट आहे."

"मग मला एवढंच सांग, माझ्या घरात काय कमी आहे?"

"काही कमी नाही रे."

"मग?"

आईनं त्याच्या ताटात पुरणपोळी वाढली. त्यानं ती खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी ठरल्यापेक्षा आधीच निघून गेला. तो गेल्यावर आई कितीतरी वेळ गेटाचा नवा गुळगुळीत दांडा धरून उभी होती. त्या हंगामातली ती एकच दुपार अशी, जी मला आठवायला नको वाटते.

चैत्रात घर दाखवायला काढलं. मी पाडव्याला आंब्याच्या डहाळीचं तोरण लावलं होतं, ते अजून दारावर होतं. रोहिणी एका कुटुंबाला घेऊन आली. नवरा ओझरला विमानाच्या कारखान्यात कामाला, बायको शिवणकाम करणारी, बरोबर सासूबाई. नवऱ्यानं गच्ची बघितली, ओल शोधली, नाही सापडली. सासूबाईंनी बाथरूममधली दांडी धरून बघितली आणि सुनेकडे बघून मान डोलावली. सून मात्र स्वयंपाकघरात गेली ती बाहेरच येईना. मी डोकावले. ती ओट्याशी उभी होती, हात उन्हात धरून. पलीकडे बोरसेकाकू कोथिंबीर निवडत होत्या आणि तिच्याकडे बघून हसत होत्या.

"ही खिडकी किती छान आहे," ती आईला म्हणाली. "पहिल्यापासूनच आहे का?"

रोहिणीनं माझ्याकडे बघितलं. मी आईकडे.

"हो," आई शांतपणे म्हणाली. "पहिल्यापासूनच."

सौदा ठरला. पूर्वी पाडायच्या भावानं मागितलेलं घर राहायच्या भावानं गेलं, आणि अर्ध्या फर्लांगावर, ती नेहमी जायची त्याच भाजीबाजाराच्या वरच्या बाजूला, आईला लिफ्टचं छोटं घर मिळालं. सुहास कागदपत्रांच्या वेळी आला, सगळ्या सह्या नीट वाचून करून घेतल्या, सामान हलवताना कपाटं उचलली. शब्दाला जागला तो.

घर सोडायच्या दिवशी आई रडेल म्हणून मी धास्तावले होते. ती रडली नाही. येणाऱ्या सुनेला तिनं हात धरून घरभर फिरवलं. पाण्याची वेळ कोणती, कुठला कोपरा उन्हाळ्यात गार असतो, तगरीला रोज पाणी नको, सांगत राहिली. मग एकेका खोलीत जाऊन तिनं भिंतीला हात लावला. निरोप घेताना आपण लेकराच्या पाठीवरून फिरवतो तसा. मला वाटतं, घर गळकं, काळवंडलेलं असताना ती त्यातून निघाली असती, तर अपराध्यासारखी निघाली असती. आता ती त्याला न्हाऊमाखू घालून, नवे कपडे चढवून दुसऱ्याच्या ओटीत घालत होती. डागडुजीनं घराची किंमत वाढते असं लोक म्हणतात. वाढतेच. पण माझ्या आईला तिच्या घराचा निरोप नीट घेता आला, ह्याबद्दल मी त्या सिमेंटच्या गोण्यांची, त्या पुट्टीच्या धुरळ्याची आणि रघू मिस्त्रींच्या छिन्नीची जन्मभर आभारी आहे.

ह्यालाही आता काही वर्षं झाली. आई तिच्या छोट्या घरात मजेत आहे. बोरसेकाकू लिफ्टला घाबरतात, म्हणून आईच खाली जाते आणि दोघी बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची चौकशी करतात.

परवाच्या शनिवारी मी तिच्याकडे गेले होते. आम्ही मेथीची जुडी घेऊन बसलो होतो, इतक्यात बेल वाजली. दारात सुहास. खांद्याला बॅग, दाढी वाढलेली. फोन नाही, निरोप नाही. तो एकटा असा कधी येत नाही. त्यानं चपला काढल्या, आत आला, पाणी प्यायला, आणि आईच्या समोर जमिनीवर बसला.

"आई, आठ दिवस राहू का इथं?" त्यानं विचारलं.

काय झालं, भांडण झालं का, नोकरीत काही आहे का, बरं वाटत नाही का, माझ्या ओठांवर सगळे प्रश्न आले. आईनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. मेथीची अर्धी जुडी तिनं त्याच्यापुढे सरकवली.

"राहा की," ती म्हणाली.

तो निवडायला लागला. पानांपेक्षा देठच जास्त ठेवत होता. बऱ्याच वेळानं खाली बघूनच तो म्हणाला, "तेव्हा मला फार राग आला होता तुझा. तू माझ्याकडे का येत नाहीस, तेच कळेना."

आईनं त्याच्या ढिगातले देठ उचलून बाजूला काढले.

"मला तरी तेव्हा कुठं नीट सांगता आलं?" ती म्हणाली. "पण बघ ना. मी तुझ्याकडे राहायला आले असते, तर आज तू कुणाकडे आला असतास?"